मोठ्या टायरसाठी पिकअप उचलायची आहे, काय काय बघावं? (सोलापूर आणि परिसर)

सीनाकाठ (मोहोळ तालुका)

राम राम मंडळी.

माझी इसुझू व्ही-क्रॉस आहे, फोर बाय फोर, कंपनीचे टायर २४५/७० आर १६. शेत सीनेकाठी. डांबरी सोडली की पुढं सगळी काळ्या रानातली गाडीवाट. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधल्या वरंब्याला माझ्या मागच्या एक्सलचा गोळा (डिफरन्शिअल) घासतो. त्यात अवकाळी पडला तर गाडी वरंब्यावर बसते आणि चाकं नुसती फिरत राहतात.

२६५/७५ आर १६ टाकायचा विचार आहे. टायरवाल्याकडं एक चाक चढवून बघितलं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकाच्या मागच्या बाजूला, फूटबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात घासतंय. त्यानं उपाय सांगितला: पुढं दोन इंचाचा स्पेसर (स्प्रिंग-शॉकअपच्या डोक्यावर घालायची जाड चकती), मागं दोन इंचाचा ठोकळा, सकाळी गाडी लावा, संध्याकाळी घेऊन जा.

पैशाचं एक असू दे. ह्याच गाडीत आई-वडील आणि पोरं बसतात, पुणे महामार्गानं सोलापूरला सारखं येणं-जाणं असतं. गाडी उचलल्यावर ब्रेक, स्टिअरिंग, वळणावरचा तोल ह्यातलं काय बिघडतं, आणि ते न बिघडवता करता येतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

घाटवळण (पुणे)

आधी हिशेब मांडू. २४५/७० आर १६ चा व्यास ७४९ मिमी. २६५/७५ आर १६ चा ८०४ मिमी. फरक ५५. एक्सल जमिनीपासून वर येणार तो ह्याच्या निम्मा, म्हणजे २७ मिमी. तुमचा जो गोळा घासतोय तो एवढाच वर जाणार. स्पेसर घाला, ठोकळा घाला, पाटे बदला, त्यानं चासी आणि बॉडी वर जाते. मागचा एक्सल आख्खा आहे, चाकाच्या मध्याशी बांधलेला, तो जिथल्या तिथंच राहतो. चार इंच उचललेल्या गाड्यांचा गोळा त्याच वरंब्याला घासताना मी बघितलाय.

म्हणजे तुमच्या बाबतीत गाडी उचलायचं कारण एकच: मोठ्या चाकाला मडगार्डात फिरायला जागा. तेवढीच उचला.

२६५/७० आर १६ चा विचार केलात का? व्यास ७७७, एक्सलला १४ मिमी मिळतील. कमी वाटतं, पण उचल कमी लागते आणि बाकीच्या पार्टवरचा ताणही कमी.

बॉडी लिफ्ट करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. त्यात चासी आणि केबिन ह्यांच्यामधल्या रबराखाली ठोकळे घालतात. चासीसुद्धा वर येत नाही, फक्त मडगार्ड चाकापासून लांब जातं. स्टिअरिंगचा शाफ्ट, गिअर लिव्हर, वायरिंग, पाइप सगळं ताणात येतं. रेडिएटरचा पंखा आणि त्याभोवतीचं कव्हर रेषेतून सरकू शकतं.

होटगीरोड (सोलापूर)

सस्पेन्शनचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो. आधी पुढची बाजू, कारण लोक तिथंच सगळ्यात जास्त फसतात.

तुमच्या गाडीला पुढं डबल विशबोन आहे, म्हणजे वर-खाली दोन आर्म, कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र. हा जोड खालच्या आर्मवर मध्ये कुठंतरी बसतो, चाक मात्र आर्मच्या टोकाला असतं. त्यामुळं जोडाच्या डोक्यावर २५ मिमी जाडीचा स्पेसर घातला की चाकापाशी साधारण ४५ ते ५० मिमी उचल मिळते. गाडीगणिक थोडाफार फरक, पण अंदाज हाच. आता त्या टायरवाल्याला विचारा, दोन इंच म्हणजे स्पेसरची जाडी की गाडीची उचल? जाडी दोन इंच असेल तर गाडी पुढून चार इंचाच्या आसपास उठेल. मग चाक खड्ड्यात उतरलं की अप्पर बॉल जॉइंट (वरचा आर्म चाकाकडं जोडणारा गोल सांधा) आपल्या टोकाला जाऊन आपटणार. असा जॉइंट चालत्या गाडीत निसटला तर चाक आडवं पडतं. तुमच्या घरचे महामार्गानं जातात म्हणालात, म्हणून स्पष्ट लिहितोय.

वरून स्पेसर घातला की शॉकअप आहे तेवढाच राहतो, पण आख्खा जोड खाली सरकतो. चाक हवेत लटकतं तेव्हा आर्म पूर्वीपेक्षा जास्त खाली जातो. त्यात दोन गोष्टी मरतात: बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद नेणाऱ्या शाफ्टचा सांधा). सीव्हीच्या रबरी बूटाच्या घड्या कायम ताणलेल्या राहतात, एकमेकींना घासतात आणि फाटतात. ग्रीस बाहेर, माती आत. आपल्याकडच्या काळ्या चिखलात फाटलेला बूट लक्षात येईपर्यंत जॉइंट वळणावर टकटक वाजायला लागलेला असतो. फोर बाय फोरला हे ध्यानात ठेवायलाच हवं.

दुसरा प्रकार म्हणजे स्प्रिंगच्या वर, आतल्या बाजूला घालायची चकती. त्यात जोडाची लांबी तीच राहते, स्प्रिंग आधीच जास्त दाबलेली असते. गाडी उठते, पण चाक खाली लटकायला शॉकअपमध्ये हालचाल उरत नाही. गतिरोधक उतरताना पुढून "ठक्" असा आवाज येतो तो हाच, शॉकअप पूर्ण उघडून अडतो. शिवाय गाडी कडक होते.

नीट करायचं असेल तर तुमच्या गाडीच्या वजनाला जुळणारी नवी स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा लांब शॉकअप, असा सेट घ्या. ओल्ड मॅन एमू, आयर्नमन ह्या ऑस्ट्रेलियन ब्रँडचे सेट ह्या गाडीला मिळतात. घेताना विक्रेत्याला खरं वजन सांगा. पुढं लोखंडी बंपर किंवा विंच असेल तर स्प्रिंग वेगळी, नसेल तर वेगळी. रिकाम्या गाडीला जड स्प्रिंग घातली की ती दगडासारखी आदळते आणि रस्त्यावर पकड कमी होते.

उचल ४० मिमीच्या आत ठेवलीत तर कंपनीचे अप्पर आर्म बहुधा चालतात. ५० च्या पुढं गेलात तर अप्पर आर्म बदलल्याशिवाय अलाइनमेंट बसत नाही. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागं झुकलेला कोन, कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी डावी-उजवीकडं भटकते. "टो-इन केलं, झालं अलाइनमेंट" असं म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर, टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) तिन्हीचे आकडे छापलेला कागद मागा.

एक बारीक गोष्ट, जी गॅरेजात हमखास चुकते. आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लटकत असताना आवळले तर रबर त्या लटकत्या अवस्थेत धरलं जातं. गाडी खाली ठेवली की ते पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं. थोड्याच दिवसांत बुश फाटतात आणि दोष नव्या स्प्रिंगला दिला जातो. बोल्ट हातानं बसवून, गाडी चाकांवर उभी करून, दोन-चार वेळा दाबून मगच शेवटचा ताण द्यायचा. पाट्यांच्या बुशांनाही हाच नियम.

स्प्रिंग दाबायचं काम घरी करू नका, कोणी कितीही सोपं म्हटलं तरी. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जातो.

पाटेवाला (अक्कलकोट रोड)

पुढचं ह्यांनी सांगितलं, मागचं मी सांगतो. वडिलांपासून पाट्याचाच धंदा आहे आमचा.

बघा मालक, मागं उचलायच्या वाटा चार. ठोकळा, जादा पाटा, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी), नाहीतर नवा पाट्याचा आख्खा संच.

ठोकळा म्हणजे पाटा आणि एक्सल ह्यांच्यामध्ये घातलेला तुकडा. स्वस्त आणि झटपट, म्हणून हल्ली सगळे ठोकळेच घालूलालेत. पण चढावर क्लच सोडला की एक्सल मागं पिळतो, ठोकळ्यानं त्याला जादा लिव्हर मिळते, पाटा इंग्रजी एससारखा वाकतो आणि गाडी थरथरते. एक इंचाचा, एकसंध, पिना नीट बसणारा ठोकळा असेल तर चालून जातं. एकावर एक दोन ठोकळे कधीच नाहीत. आणि पुढच्या एक्सलला पाटे असलेल्या जुन्या गाड्यांना पुढं ठोकळा घालायचाच नाही. ब्रेक मारल्यावर तिथं जो जोर येतो तो ठोकळा सरकवू शकतो.

शॅकल लांब केली तर उचल निम्मीच मिळते. दोन इंच लांब केली की एक इंच. शिवाय पिनियनचं, म्हणजे गोळ्यात शाफ्ट शिरतो तिथलं, तोंड फिरतं, शाफ्टचा क्रॉस वाजतो. आणि लांब शॅकल बाजूला हलते, वळणावर मागची बाजू झुलल्यासारखी वाटते.

जादा पाटा घातला तर गाडी उठते आणि ओझंही पेलते. पण रिकामी चालली की कमरेला बसतं. तुम्ही ओझं किती नेता?

काही जण जुन्या पाट्याला घणानं कमान चढवून देतात. थंड पाट्याला मापात मारली तर काही दिवस टिकते. गॅसनं लाल करून वाकवलेला पाटा घेऊ नका. त्याचं पाणी उतरतं, मग तो बसतो नाहीतर तुटतो.

कुठलीही वाट धरा, यू बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) नवे. जुना यू बोल्ट एकदा ताणलेला असतो, परत आवळला की धरत नाही. लांबी मापून घ्या. आटे नटाच्या बाहेर थोडे दिसले पाहिजेत, पण हातभर नकोत. चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे करून आवळायचे, शेवटी टॉर्क पान्यानं. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बसलंय का, हे आवळायच्या आधी बोटानं चाचपून बघा. तिथं ते वर राहिलं तर एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी पळते.

सीनाकाठ

धन्यवाद सगळ्यांना. टायरवाल्याला विचारलं. जाडीच दोन इंच होती. ते काम रद्द.

पाटेवाले आप्पा, ओझं रोजचं नाही. खताची पोती, ड्रिपच्या नळ्या, हंगामात कांदा घेऊन सिद्धेश्वर मार्केट यार्डात. बाकी दिवस रिकामीच.

मालदांडी (मंगळवेढा)

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. माझी डाळिंबाची बाग आहे, पिकअप मीच चालवते, आणि आमचं रानही असंच काळं. मी गाडी एक मिलिमीटरही उचललेली नाही.

काळ्या मातीत अडकायचं कारण बहुतेक वेळा उंची नसतं. ही माती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते आणि चाक गुळगुळीत होतं. महामार्गाच्या टायरच्या बारीक खाचा तर चार फेऱ्यांत भरतात. मी कंपनीच्याच मापात ऑल टेरेन टायर घेतले. रानात शिरण्याआधी हवा २० पीएसआयपर्यंत उतरवते. टायर पसरतो, मातीवर जास्त जागा धरतो. सावकाश जाते, चाक फिरवत बसत नाही. परत डांबरीवर आले की छोट्या कॉम्प्रेसरनं हवा पूर्ण भरते, मगच पुढं. हे टाळायचं नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, कमी हवेचा टायर तापलेल्या डांबरीवर वेगानं पळवला तर फुटतो. आणि हवा मोजायची ती सकाळी, टायर गार असताना.

मड टेरेन घेऊ नका, असं माझं मत. त्यांच्या रुंद खाचा माती झटकतात हे खरं, पण ओल्या डांबरीवर ब्रेक लांबतो आणि आवाज सहन होत नाही. तुमची गाडी जास्त महामार्गावर असते.

आणि वरंबा घासत असेल तर वरंबा काढा की. आम्ही शेजाऱ्यांनी मिळून चाकोरीत मुरूम टाकून घेतला, ट्रॅक्टरच्या पात्यानं मधला उंचवटा तासला. लिफ्टच्या खर्चापेक्षा स्वस्त पडलं, आणि दुधाच्या गाडीचीही सोय झाली.

घाटवळण

मालदांडी ताई, हवेबद्दल शंभर टक्के सहमत. मुरुमाबद्दलही. पण सामाईक वाटेवर सगळे तयार होतीलच असं नाही. मोठ्या टायरची २७ मिमी ही खरी मिळकत आहे, ती सोडून द्यावी असं मला वाटत नाही.

मालदांडी

२७ मिमीसाठी चाक जड होतं, ब्रेक लांबतो, गाडी मरगळते. रोजच्या गाडीला मी तो सौदा करणार नाही. शेतापुरतीच वेगळी गाडी असती तर विचार केला असता.

आरसीबुक (सोलापूर)

कायद्याची बाजू कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

टायरच्या मापाबाबत जरा मोकळीक मिळते ती अशी: ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर आणि मॅन्युअल बघा. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीनं जे माप दिलंय, त्याच्या व्यासाजवळ राहणं सगळ्यात सुरक्षित. टायरच्या बाजूवर छापलेला लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि वेगाचं अक्षर कंपनीच्या टायरपेक्षा खाली जाता कामा नये.

विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. अपघात झाल्यावर सर्व्हेअरला न कळवलेले स्पेसर दिसले तर दावा अडकतो. त्यात तिसऱ्या माणसाला इजा झाली असेल तर प्रकरण पैशाच्या पलीकडं जातं.

मालवाहू म्हणून नोंद असलेल्या पिकअपवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्या. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस आहे. एमएच १३ असो की कुठलीही, उचललेली गाडी ट्रॅकवर नजरेत भरतेच.

जुनीथार (बार्शी)

मध्येच विचारतो. माझी २०१५ ची थार सीआरडीई, पुढं टॉर्शन बार (कॉइल स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी दांडी). मेकॅनिक म्हणतो काही पार्ट नको, बारचे बोल्ट फिरवले की गाडी उठते. खरंय का?

होटगीरोड

उठते, पण ती लिफ्ट नव्हे. बार फिरवून तुम्ही आर्मचा कोन बदलता. बारची ताकद तीच, शॉकअप तोच, फक्त चाक खाली लटकायची हालचाल संपवलीत. थोडंसं, म्हणजे वयोमानानं बसलेली पुढची बाजू मूळ उंचीला आणायला हे बोल्ट आहेत. त्यापलीकडं फिरवलं तर सीव्हीचा कोन आणि बॉल जॉइंट ह्यांचं तेच दुखणं, जे मी वर लिहिलंय. आधी मॅन्युअलमधली मूळ उंची मोजा. बार बसला असेल तर तिथंपर्यंत आणा आणि थांबा. फिरवल्यावर अलाइनमेंट करायलाच लागते.

आता सीनाकाठ, तुमच्यासाठी ब्रेकचं.

गाडी उचलल्यावर एक्सल पूर्वीपेक्षा खाली लटकू शकतो. रबरी ब्रेक होज मात्र तेवढाच. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, चाकं पूर्ण खाली लटकू द्या, पुढची चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा आणि प्रत्येक होजला हात लावून बघा. कुठंही ताठ झाला असेल तर लांब होज किंवा कंस खाली घ्यावा लागेल. तारेसारखा ताणलेला होज एखाद्या ओढ्यात उतरताना निघतो आणि पुढच्याच वळणावर पेडल खाली जातं. एबीएसच्या वायरी आणि मागच्या एक्सलचा श्वासनळीसारखा बारीक पाइपही तसाच तपासा.

मागच्या एक्सलवर एलएसपीव्ही असेल, म्हणजे चासीवर एक व्हॉल्व्ह आणि त्याच्यापासून एक्सलपर्यंत दांडी, तर मागं उचल दिल्यावर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे. मग तो मागचा ब्रेक कमी करतो. कांदा भरलेला असताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर. दांडीचा कंस उचलीएवढा सरकवून घ्यावा लागतो. हे काम नव्वद टक्के गॅरेजात विसरतात असं मी म्हणणार नाही, पण माझ्याकडं दुसरीकडून उचलून आलेल्या गाड्यांत हीच जागा मी सगळ्यात आधी बघतो.

बंपस्टॉपही (चाक वर दाबलं की अडवणारं रबर) बघा. मोठा टायर, त्यात चाक पूर्ण वर दाबलं की ते मडगार्डाला लागतं का? एका चाकाखाली उतार किंवा भक्कम ठोकळा घेऊन गाडी चढवा, तिरकी दाबली गेली पाहिजे. त्याच अवस्थेत स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवा. सपाट फरशीवर न घासणारा टायर असा घासतो. आणि कृपा करून ह्या चाचणीसाठी नान्नजच्या माळावर जाऊ नका. तो माळढोक अभयारण्याचा भाग आहे, गवताळ रान चाकानं एकदा फाटलं की लवकर भरून येत नाही.

हेडलाइट खाली करून घ्या. पुढून गाडी उठली की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दोन पदरी रस्त्यावर तुमच्यामुळं मोटारसायकलवाला खाली जाईल.

स्पीडोमीटर: २६५/७५ घेतलेत तर काटा ८० दाखवील तेव्हा चाक साधारण ७ टक्के जास्त धावत असेल, हिशेबानं ८६ च्या जवळ. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्त दाखवतो, त्यामुळं प्रत्यक्ष फरक जरा कमी भरेल. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून घ्या. ओडोमीटर मात्र कमी मोजेल, तेव्हा सर्व्हिस थोडी आधी. गिअरही तेवढ्याच प्रमाणात लांबल्यासारखे होतात, भरलेल्या गाडीला चढावर एक गिअर खाली घ्यावा लागेल.

माझं मत विचाराल तर २६५/७० आर १६ ऑल टेरेन, पुढं ३५ ते ४० मिमीचा जुळणारा सेट, मागं हलक्या ओझ्याचा नवा पाटा-संच आणि शॉकअप. त्यापुढं जाऊ नका. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, आणि अचानक कुत्रं आडवं आल्यावर स्टिअरिंग फिरवाल तेव्हा त्याचा हिशेब होतो. चाकं बाहेर काढायला व्हील स्पेसर नकोतच, बेअरिंगवर भार वाढतो.

सीनाकाठ

काम झालं. होटगीरोड ह्यांनी सांगितलं तेवढंच केलं. २६५/७० आर १६ ऑल टेरेन, पुढं स्प्रिंग-शॉकअपचा सेट, मागं आप्पांकडून पाटा-संच आणि नवे यू बोल्ट. विमा कंपनीला आधी पत्र दिलं.

उचलीचं माप मी स्वतः घेतलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत, चारही चाकांना, आधी आणि नंतर, गाडी सपाट फरशीवर आणि टाकी तेवढीच भरलेली. पुढं ३८ मिमी, मागं डावीकडं ३५, उजवीकडं ३४.

उतारावर तिरकी चढवून बघितली. पुढच्या डाव्या चाकाचा खांदा आतल्या प्लॅस्टिकला किंचित लागत होता. होटगीरोड ह्यांनी हीट गननं ते प्लॅस्टिक तापवून दाबून घेतलं, कापलं नाही. ब्रेक होज सैल आहेत, मी हात लावून बघितले. अलाइनमेंटचा कागद घेतला, कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत आहे.

महामार्गावर गाडी सरळ चालते. वळणावर पूर्वीपेक्षा थोडी झुकते, लांबोटीच्या पुलाकडं उतरताना ते जाणवतं, म्हणून वेग कमी ठेवतो. घरच्यांनाही तसं सांगून ठेवलंय. रानात मधल्या वरंब्याला गोळा अजून लागतो, पण बसत नाही, घासून पुढं जातो. मालदांडी ताईंचं ऐकून शेजाऱ्यांशी मुरुमाचं बोलणं चालू केलंय.

एक शंका. स्टेपनी जुन्या मापाचीच आहे. चालेल का?

घाटवळण

डांबरीवर टू व्हीलमध्ये सावकाश टायरवाल्यापर्यंत पोचायला चालेल. पण ती चाकावर असताना फोर व्हील लावू नका. पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा झाला की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्ट पिळले जातात. आणि नेमका टायर रानातच फुटतो, जिथं फोर व्हील लागतं. पाचवा टायर घ्याच. घेण्याआधी मागच्या हौद्याखाली त्याच्या जागेत तो मावतो का, साखळीनं पूर्ण वर घट्ट बसतो का, ते बघा. सैल लटकलेली स्टेपनी मागच्याच्या जिवावर उठते.

पाटेवाला

अजून एक. कंपनीचा जॅक आता पुरायचा नाही. टायर मोठा, गाडी उंच, पाटे लांब लटकणार. जॅक पूर्ण वर गेला तरी चाक जमिनीवरच राहील. घरी अंगणात एकदा चाक काढून बघा, रात्री मोहोळच्या पुढं कळण्यापेक्षा बरं. जास्त उंचीचा जॅक घ्या, आणि खाली घालायला बाभळीची जाड फळी गाडीतच ठेवा, काळ्या रानात जॅक फळीशिवाय सरळ आत जातो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय मागचं चाक उचलायचं नाही. आणि नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली शिरायचं नाही, घोडी लावायची, कितीही घाई असली तरी.

यू बोल्टांचं लक्षात आहे ना मालक? पाचशे किलोमीटर झाले की घेऊन या, नवे पाटे बसतात आणि नट थोडे ढिले पडतात. टॉर्क पाना लावून बघतो, पैसे नाहीत त्याचे. येताना थोडं ओझं भरून आणा, पोती चालतील, म्हणजे पाटा भरल्यावर कसा बसतो तेही बघता येईल.

सीनाकाठ

येतो आप्पा. रविवारी दुकान उघडं असतं का?

पाटेवाला

दुपारपर्यंत असतं. सकाळी या, पाटे गार असताना.